हिवाळ्याचे भाकीत आणि बेळगोळचा बर्फ

म्हैसूरहून कृष्णराजसागराच्या धरणाकडे निघाले म्हणजे वाटेत बेळगोळ लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातखाचरे, उसाचे फड, नारळीच्या रांगा, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ह्या साऱ्यांवर पसरलेले धुके. बेळगोळचा हिवाळा तो एवढाच. उन्हे वर आली की डोक्यावरची शाल खांद्यावर येते आणि दहाच्या सुमारास ती खुंटीवर जाते. माझी मावशी लग्न होऊन त्या गावी गेली त्यास आता चाळीस वर्षे लोटली. तिच्या मराठीत कानडी शब्द मुरले आहेत आणि तिच्या स्वयंपाकघरात तीळगुळाशेजारी एळ्ळू-बेल्ल्याचा डबा असतो.

डिसेंबरातील एका सकाळी तिचा फोन आला. "अगं, उटीला बर्फ पडलाय म्हणे. पेपरात फोटो आहे, सगळं माळरान पांढरंफेक. आमचा धाकटा नातू हट्ट धरून बसलाय. तू हवामानाचं मराठीत करतेस ना? मग सांग, आणखी पडणार आहे का? रविवारी निघायचं म्हणतोय आम्ही, बाळाला घेऊन." बाळ म्हणजे नातवाची धाकटी बहीण, वय महिने पाच.

हिवाळ्याचे भाकीत, थंडीच्या लाटेचे इशारे, धुक्याच्या सूचना ही इंग्रजी पत्रके मराठीत आणण्याचे काम माझ्या मेजावर येते, हे खरे. परंतु मावशीच्या साध्या प्रश्नाला मला चटकन 'हो' म्हणता येईना, आणि 'नाही' म्हटले तर छायाचित्र खोटे ठरवल्यासारखे झाले असते. छायाचित्र खोटे नव्हते. घोटाळा शब्दात होता.

वाचकहो, आपल्या भाषेत पावसाला, वाऱ्याला, ढगांना किती तरी नावे आहेत. परंतु 'बर्फ' ह्या एका शब्दावर आपण तीन-चार निरनिराळ्या वस्तूंचा भार घातला आहे. सरबतातील खडा बर्फ, हिमालयावर कापसासारखा पडतो तोही बर्फ, गारांचा ढीग पाहून 'बर्फाचा सडा' म्हणायचे, आणि थंडीच्या पहाटे गवतावर दव गोठले तरी मथळा 'बर्फ पडला' असाच. कानडीची अडचण ह्याच जातीची. तेथे 'मंजु' म्हणजे धुके, आणि हिमालयातला बर्फ तोही मंजुच. दवाला मात्र त्यांनी 'इब्बनि' असा गोड, स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. आपल्या खेड्यांतून दवाला 'दहिवर' म्हणत. तो शब्द आता मागे पडत चालला, ह्याची मला हळहळ वाटते. गोठलेल्या दवासाठी संस्कृतातला 'तुहिन' हाताशी आहे. पण बातमीत तो घातला तर द्राक्षबागाईतदाराला शेकोटी पेटवण्याआधी शब्दकोश उघडावा लागेल. म्हणून मी 'गोठलेले दव' असे सरळ लिहिते आणि मथळा देणारे सहकारी त्याचा पुन्हा 'बर्फ' करतात.

उटीच्या अलीकडे, मुदुमलाईच्या अरण्यातून घाट चढून आल्यावर तलैकुंदा नावाचा सखल भाग लागतो. तेथील गवताळ मैदाने दर हिवाळ्यात काही पहाटे पांढरी होतात. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंच आहे. आपल्या महाबळेश्वरला तेवढी उंची नाही, ते साधारण १३७० मीटरांवर आहे. तरीही वेण्णा तलावाचा काठ आणि लिंगमळ्याचा परिसर अधूनमधून तसाच पांढरा दिसतो, वृत्तपत्रे 'मिनी काश्मीर' असे मथळे देतात, आणि पुण्यामुंबईच्या मोटारी पसरणीच्या घाटात रांग लावतात. ह्या दोन्ही ठिकाणी आकाशातून काहीही पडलेले नसते. जे दिसते ते जमिनीवरच तयार झालेले असते.

हे घडते असे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशात ढग असले तर ते ही उष्णता अडवून बरीचशी परत धाडतात. ढग म्हणजे पृथ्वीच्या अंगावरची गोधडी. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा निपचित असला म्हणजे ही गोधडी निघून जाते. मग जमीन आणि तिला चिकटलेले गवत, वरच्या हवेपेक्षाही वेगाने थंड होऊ लागते. थंड हवा जड; ती उतारावरून ओघळत खोलगट जागी, तळ्याकाठी साठते. अशा जागी गवताच्या पात्याचे तापमान शून्याखाली गेले की त्यावरचे दव गोठते, किंवा हवेतील वाफ पाणी न होताच स्फटिकरूप धरते.

वेधशाळेतील तापमापक मात्र गवतात ठेवलेला नसतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर तो टांगलेला असतो. (ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन ह्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने योजली; 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा हा पिता. मुलाची कीर्ती मोठी, पण जगातील बहुतेक तापमाने मोजली गेली ती बापाच्या पेटीत.) त्यामुळे वेण्णाकाठचा धक्का पांढरा झालेला असताना महाबळेश्वरच्या वेधशाळेची नोंद चार-सहा अंश सेल्सिअस असू शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या. दरवर्षी ह्यावरून वाद होतो, आणि दरवर्षी हवामान खात्यातील कोणा अधिकाऱ्याला हे पुन्हा समजावून सांगावे लागते.

खऱ्या हिमवर्षावाला निराळी सिद्धता लागते. त्याला प्रथम ढग हवेत, आणि ढगापासून जमिनीपर्यंतची सारी हवा गोठणबिंदूच्या आसपास हवी, नाही तर वरचा हिमकण वाटेतच वितळून पाऊस होतो. आता दख्खनच्या पठाराची गोष्ट पाहा. येथे कडाक्याची थंडी पडते तीच मुळी निरभ्र आकाशामुळे. ढग आले की रात्र उबदार होते. ढग गेले की रात्र गारठते, पण मग पडायला वर काहीच नसते. ज्या कारणाने उटीला गवत पांढरे होते, त्याच कारणाने तेथे त्या पहाटे हिमवर्षाव अशक्य असतो.

गारांचा प्रकार आणखी वेगळा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी भीषण गारपीट झाली, त्या वेळी शेताशेतांतून गारांचे पांढरे थर साचले. छायाचित्र पाहून कोणालाही काश्मीर आठवावे. पण ती हिवाळ्याच्या थंडीची करणी नव्हती. उंच वाढलेल्या गडगडाटी मेघांतून, उभी पिके झोडपत आलेले ते संकट होते. त्या पांढऱ्या शेतांत उभे राहून कोणी सहलीची छायाचित्रे काढली नाहीत.

मावशीला मी एवढे सगळे फोनवर सांगितले नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला होता तो असा: "मग यंदा थंडी जास्त की कमी? तेवढं तरी तुमच्या भाकितात असेल."

असते. भारतीय हवामान खाते डिसेंबरच्या आरंभी पुढील तीन महिन्यांचा, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंतचा, अंदाज प्रसिद्ध करते. ह्या खात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्यास होते, ते १९२८ मध्ये पुण्यास आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुण्यातील शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्याच्या वाट्याला सिमल्याचा बर्फ काही आला नाही, बर्फाच्या गावाचे नाव तेवढे आले. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनी १८८४ मध्ये असा विचार मांडला की, हिमालयावर हिवाळ्यात बर्फ फार साचला तर पुढचा मोसमी पाऊस दुबळा होतो. त्या आधारावर १८८६ पासून पावसाची दीर्घ मुदतीची भाकिते नियमाने निघू लागली. हा संबंध ब्लॅनफर्ड ह्यांना वाटला तितका सरळ नाही, हे पुढे दिसून आले. तरी दूरच्या डोंगरावरचा बर्फ आणि आपल्या शेतातले पाणी ह्यांची गाठ घालण्याचा तो आरंभ होता.

हिवाळी अंदाजात मात्र 'यंदा इतके अंश थंडी पडेल' असे वाक्य शोधू नये. ते तेथे नसते. अंदाजाची रीत अशी: एखाद्या प्रदेशातील मागील तीस वर्षांचे हिवाळे घ्यायचे, त्यांचे तीन सारखे गट पाडायचे, नेहमीपेक्षा थंड, नेहमीसारखे, नेहमीपेक्षा उबदार. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता तिसरा हिस्सा. प्रशांत महासागराचे पाणी थंड आहे की उबदार, इत्यादी खुणा पाहून शास्त्रज्ञ एखाद्या गटाचे पारडे थोडे जड करतात. तिसऱ्या हिश्शाऐवजी निम्मी शक्यता, एवढाच बहुधा त्याचा अर्थ.

ह्या अंदाजातील एक वाक्य मराठीत आणताना माझी लेखणी दरवेळी अडते. इंग्रजीत ते निर्दोष असते. मराठीत शब्दाला शब्द दिला तर असे होते: 'किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता.' वाचणारा काय समजतो? की यंदा थंडी नाही. रजया माळ्यावरच राहू द्या. परंतु ते विधान सुमारे नव्वद रात्रींच्या सरासरीविषयी आहे. ऐंशी रात्री उबदार आणि दहा रात्री जीवघेण्या, असा हिवाळाही सरासरीने 'उबदार'च ठरेल. द्राक्षाचा मणी सरासरीने तडकत नाही, एका रात्रीत तडकतो.

ही एक रात्र येते कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांतील विक्षोभ एकामागून एक आपल्या वायव्य सीमेवर येतात. ते काश्मीर-हिमाचलात हिमवर्षाव करतात. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलाँ' म्हणतात, त्या काळात त्यांचा जोर फार. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, थंड हवा राजस्थान व मध्य प्रदेशावरून खाली उतरते आणि तापी ओलांडून खानदेश, नाशिक, विदर्भ गाठते. तेव्हा काश्मिरात मोठा हिमवर्षाव झाल्याची बातमी वाचली की तीन-चार दिवसांनी अंथरुणे जाड करावीत, हा जुन्या लोकांचा ठोकताळा अगदीच टाकाऊ नाही. बेळगोळपर्यंत येताना ही हवा बरीच थकलेली असते. तेथली थंडी घरचीच: साडेसातशे मीटरांच्या आसपासची उंची आणि निरभ्र रात्री. त्यातही बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला की म्हैसूरवर ढग दाटतात. दिवस गार आणि रात्र उबदार, असा उलटा हिवाळा सुरू होतो.

नोंदी पाहिल्या तर आपल्या थंडीची मजल कळते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश. बंगळुरात १३ जानेवारी १८८४ रोजी ७.८ अंश, आणि म्हैसुरात १६ जानेवारी २०१२ रोजी ७.७ अंश. ह्यांतील एकही आकडा शून्याला शिवत नाही. पण ज्यांच्या घराला धड दार नाही त्यांना सात अंश पुरेसे असतात.

म्हणून हंगामाचा अंदाज वाचून ठेवावा आणि वागावे ते रोजच्या इशाऱ्याप्रमाणे. 'थंडीची लाट' हा शब्दही वृत्तपत्रे सढळपणे वापरतात, खात्याची व्याख्या मात्र काटेकोर आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असावे, आणि ते त्या दिवसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंश किंवा अधिक उतरलेले असावे. अथवा पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली यावा. किनाऱ्यावर १५ अंशांची मर्यादा आहे, म्हणजे रत्नागिरीकराच्या हुडहुडीचीही सरकारदरबारी दखल आहे.

निफाडच्या माणसाला ही व्याख्या पाठ आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा २ अंशांच्या आसपास घसरला. निफाडचा जो आकडा आपण दरवर्षी वाचतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. गंमत पाहा, ही थंडी गव्हाला मानवते, हरभऱ्यालाही. आणि त्याच शिवारात, बांधापलीकडे, द्राक्षाच्या बागेत तिच्यामुळे रडू येते. रात्री गोठवणारी थंडी आणि दुपारी चटकणारे ऊन ह्यांच्या ओढाताणीत पाणी भरलेल्या मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. मग बागाईतदार पहाटे तीन-चारला उठून बांधाबांधावर शेकोट्या पेटवतो, धूर करतो, विहिरीचे त्यामानाने कोमट पाणी बागेला सोडतो. वर्षाची कमाई वेलीवर लोंबकळत असते. अशा घरात 'सरासरी' हा शब्द उच्चारताना जपून उच्चारावा. नीलगिरीत चहाचे लहान मळेवालेही कोवळ्या शेंड्यांवर वाळले गवत आणि नेच्याची पाने अंथरून हीच रात्र काढतात. पर्यटकाला जो देखावा, तो त्यांचा करपलेला चहा.

मावशीला शेवटी मी काय सांगितले ते लिहिते, कारण इतर मावश्यांनाही ते उपयोगी पडेल. नातवाला पांढरे गवत पाहायचे असेल तर ते सूर्योदयापूर्वी आणि नंतर अर्धा-एक तास एवढेच दिसते. बंदीपूरच्या अरण्यातून रात्री नऊ ते सकाळी सहा खाजगी वाहनांस २००९ पासून बंदी आहे, तेव्हा म्हैसूरहून पहाटे निघून ते गाठता येणार नाही. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागेल. आणि मुक्काम म्हटला की माझी खरी धास्ती. थंडीच्या गावी खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी मागवण्याची पुष्कळांना सवय असते. दारे-खिडक्या बंद, आत धुमसते निखारे आणि पांघरुणात झोपलेली माणसे. अशा खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकलासुद्धा येत नाही. जडसर डोके आणि झोप, एवढीच त्याची चाहूल, आणि त्या झोपेतून उठणे होत नाही. दरवर्षी आपल्या देशात कोठे ना कोठे अशी कुटुंबे सकाळी सापडतात. बंद न्हाणीघरातील गॅसच्या बंबाचा धोका अगदी हाच. शेगडीवर अंगणात हात शेकावे, निजताना ती घराबाहेर ठेवावी. पाच महिन्यांच्या बाळाला उबेसाठी टोपडे, पायमोजे आणि आईची कूस ह्यांहून चांगले साधन नाही.

"आणि तुमच्या यजमानांना पहाटे गवत बघायला नेऊ नकोस," मी म्हटले. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे. कडाक्याच्या पहाटे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. वृद्धांनी ऊन अंगावर येऊ द्यावे आणि मग फिरायला निघावे.

बाळ आणि काका बेळगोळलाच राहिले. बाकीची मंडळी उटीला जाऊन आली. सोमवारी मावशीचा पुन्हा फोन. नातू अंधारातच उठून बसला होता. तलैकुंद्याच्या मैदानावर त्याने ओंजळभर पांढरे गवत खुडले आणि आजीला दाखवायला मोटारीकडे धावत आला. येईपर्यंत हातात ओले गवत उरले होते. "रडला का गं?" मी विचारले. "छे," मावशी म्हणाली, "पुन्हा धावत गेला. पाच वेळा आणलं त्यानं."

मग आवाज बदलून ती म्हणाली, "ते राहू दे. इथं चार दिवस झाले मळभ हटत नाही. अवरेकाई बाजारात आली आहे, पण तिला वासच नाही. इब्बनि पडल्याशिवाय शेंगेला सोगडु यायचा नाही, असं इथली माणसं म्हणतात. ढग कधी जाणार ते बघून सांग." मी मंड्या व म्हैसूर जिल्ह्यांचा अंदाज उघडला. उपसागरातील कमी दाबाचा पट्टा अजून सरकला नव्हता. आणखी दोन दिवस आकाश ढगाळ राहणार होते.